माहेरवाशीण कुठे मोजायची?

कुंदा कर्णिक संख्याशास्त्रात एम.ए. झाली, त्याच आठवड्यात आमच्या बोरिवलीतल्या दोन बायका आपापल्या मुलींच्या पत्रिका घेऊन तिच्या घरी पोचल्या. संख्याशास्त्र म्हणजे अंकांवरून भविष्य सांगतात ते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसरी कुणी असती तर हसली असती, नाहीतर शास्त्राचा अपमान झाला म्हणून फुरंगटून बसली असती. कुंदाने पत्रिका बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "तुमच्या माहितीत पत्रिका जुळवून केलेली लग्नं किती, आणि त्यातली सुखाची किती?" बायका बोटं मोजायला लागल्या. मोजता मोजता एकीच्या लक्षात आलं, की स्वतःचं छत्तीस गुणांचं लग्न कुठल्या रकान्यात घालावं हेच आपल्याला कळत नाहीये. ती पत्रिका उचलून उठली. "मुलगी हुशार आहे हो तुमची, पण तिच्याशी बोलून मन रमत नाही," असा शेरा जाताना कुंदाच्या आईला देऊन गेली.

कुंदा ही अशी. उंची बेताची, चाल भरभर, आणि समोरच्याने 'सगळे', 'बहुतेक', 'नेहमी' यांतला एक जरी शब्द वापरला तरी पाय रोवून उभी राहणार. आई एकदा बाजारातून चिडून आली. "आज सगळी वांगी किडकी होती."

"सगळी फोडून पाहिलीस?"

"एक पाहिलं की."

"कुठलं?"

"वरचंच."

"मग वरचं वांगं किडकं होतं, एवढंच म्हण."

त्या दिवशी कर्णिकांकडे बटाट्याची भाजी झाली. वडील गुपचूप जेवले. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या आळीत नव्हता, आणि गंमत म्हणजे तिला उत्तरं ठाऊक असत असंही नाही. प्रश्न कसा विचारला की उत्तर धड मिळतं, हे मात्र आपल्याला कळतं, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नसे.

तिच्या या खात्रीची परीक्षा त्रेपन्न साली झाली.

लाकडाच्या वखारीवर पैसा केलेले धोंडूशेठ वारले. जाताना स्टेशनजवळचा एक प्लॉट आणि त्यावर इमारत उठेल इतकी रक्कम 'लोकांच्या उपयोगासाठी' ठेवून गेले. कुठल्या उपयोगासाठी, ते सांगायचं राहिलं. विश्वस्तांचे अध्यक्ष मार्तंडराव गुप्ते. सगळी हयात रेल्वेच्या हिशेबतपासणीत गेलेली. घरी वाणसामानाची पावती आली तरी एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर बेरीज करणार, आणि दोन्ही जुळल्या की थोडे नाराज होणार. त्यांना त्या प्लॉटवर मंगल कार्यालय हवं होतं.

त्यांच्या विरुद्ध होती एथेल परेरा. गोराईची. नर्सिंग शिकलेली, आणि खाडीच्या अल्याडपल्याडच्या निम्म्या पोरांना जगातला पहिला फटका बसला तो हिच्या हातचा. एथेलला तिथे प्रसूतिगृह हवं होतं. बोरिवलीपासून जवळात जवळचं प्रसूतिगृह चार स्टेशनं पलीकडे. मूल अडलं की बाईला टांग्यात घालायचं आणि देवावर हवाला ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात गोराईहून एक बाई होडीने अल्याड आली, टांग्यात चढली, आणि टांग्यातच गेली. एथेल तिचा हात धरून बसली होती. ही हकिकत ती कुणाला सांगत नसे. पण त्यानंतर विश्वस्तांच्या एकूणएक बैठकीला ती न बोलावता हजर राहायला लागली.

"एथेलबाई, वाईट मलाही वाटतं," मार्तंडराव म्हणाले. "पण एका बाईच्या दुःखावर इमारत उठत नाही. इथे वर्षाला बाळंतपणं किती होतात, आकडा आणा. लग्नांचा आकडा भटजींनी मला दिलेला आहे. माघात निर्णय करू."

एथेल तिथून उठली ती थेट कुंदाकडे आली.

"तू आकड्यांची ना गो? मग मला आकडा दे."

"देणार नाही," कुंदा म्हणाली. "काढीन. आणि कमी निघाला तर कमीच सांगेन. चालेल?"

एथेलने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "चालेल. कमी निघायचा नाय."

दिवाळी झाली आणि कुंदा कामाला लागली. स्टेशनच्या दोन्ही बाजूंची वस्ती आणि गोराई मिळून दोनेक हजार घरं. सगळ्यांना विचारायचं म्हणजे पुढची दिवाळी यायची. तेव्हा दर दहा घरांतलं एक. पण पहिलं कुठलं? आपल्या मनाने घेतलं तर ओळखीचं घेतलं जाणार. म्हणून कुंदाने पत्त्यांचा जोड पिसला आणि एक पान काढलं. चौकट सत्ती. सातव्या घरापासून सुरुवात.

"एवढं शिकवलं ते पत्ते कुटायला?" आई म्हणाली.

खरा गोंधळ पुढे झाला. सातव्या घरी विचारणी झाली आणि आठव्या घरच्या बाई रुसल्या. "त्यांना विचारलंत, आमच्यात काय कमी आहे?" मुंजीचं बोलावणं राहिलं की येतो तो राग. कुंदाने त्यांना नमुना म्हणजे काय ते समजावलं. शितावरून भात पारखतो, तसं. बाई म्हणाल्या, "म्हणजे त्या शीत, आणि आम्ही कोण? पेज?" शेवटी कुंदाच्या आईने जाऊन त्यांना चकल्या दिल्या तेव्हा ते घर शांत झालं.

विचारायला घरोघर पाठवला होता मधुकर. कॉलेजातला, चुणचुणीत, अक्षर सुरेख. एका दारात एक आजोबा आडवे आले.

"कोण रे तू?"

"आजोबा, पाहणीसाठी आलोय."

"चुकलास. आमच्याकडे लग्नाची मुलगी नाही."

"तसली पाहणी नाही हो. तुमच्या सूनबाईंची बाळंतपणं..."

मधुकर जिने उतरून आला तो दोन दोन पायऱ्या गाळून. दुसऱ्या दारी कुलूप होतं, तेव्हा त्याने शेजारी विचारून घेतलं. "चांगली माणसं आहेत, कुंदाताई. चहासुद्धा दिला."

"चहा देणाऱ्यांचीच मोजणी करायची तर बोरिवली फार सुखी निघेल," कुंदा म्हणाली. "कुलूप असेल तर परत जायचं. उघडेपर्यंत जायचं. आणि तू नाही जायचंस. तू बेरजा कर."

मार्तंडरावांनी सुचवलं, पोस्टाने प्रश्न पाठवा, उत्तरं पोस्टाने येतील. "येतील की," कुंदा म्हणाली. "विचारणार सुनेला, वाचणार सासरे, आणि उत्तर देणार गणपतीच्या आरतीची वर्गणी मागितल्यासारखं." म्हणून मग मधुकरच्याच कॉलेजातली क्षमा आणि तिच्या दोन मैत्रिणी, अशा मुलीच दारोदार गेल्या. आता बायका बोलायला लागल्या. घरात कोण कोण राहतं, त्यातल्या कुणाचं गेल्या दिवाळीपासून बाळंतपण झालं, आणि झालं तर कुठे. साधे तीन प्रश्न. आणि तिसऱ्याला घरोघर एकच उत्तर.

"माहेरी."

सातारला माहेरी. पेणला माहेरी. ठाण्याला, वसईला, माहेरी. दोनशे घरं झाली, आणि बोरिवली-गोराईत जन्मलेली मुलं निघाली अवघी अकरा.

"अकरा?" एथेल ओरडली. "अगो, माजे हातच त्यापेक्षा जास्त दुखतात!"

मधुकरच्या तोंडून तो आकडा फुटला आणि मार्तंडरावांपर्यंत गेला. संध्याकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत ते मोठ्या खुशीत होते. "ऐकलंत का? आमच्या बोरिवलीत माणूस जन्माला येत नाही. एकदम पोष्टात नोकरीलाच लागतो!"

कुंदाच्या जागी मी असतो तर आकडा फाडून टाकला असता. कुंदा तीन दिवस तो घेऊन बसली. एथेलचे हात खोटं सांगत नाहीत, आणि क्षमाने लिहून आणलेलंही खोटं नाही, मग चुकतंय काय? कुणी खोटं बोललेलं नसताना बेरीज खोटी येते, म्हणजे खोट प्रश्नात आहे. इथपर्यंत तिची खात्री होती. पुढचं दिसेना.

ते दाखवलं नीलाने, आणि तेही रागावून.

नीला कुंदाची धाकटी बहीण. लग्न होऊन नाशिकला दिलेली. दिवाळीला आली ती पहिलटकरीण म्हणून इथेच राहिली होती. पत्त्याच्या पानाने ज्या घरांवर बोट ठेवलं होतं त्यात कर्णिकांचंही घर आलं होतं, आणि स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही म्हणून क्षमा येऊन आईला विचारून गेली होती. नीला आता ते उत्तर वाचत होती.

"ताई, इथे लिहिलंय, घरात माणसं चार. आई, बाबा, तू आणि आपला धाकटा भाऊ."

"बरोबर."

"आणि मी?"

"तू नाशिकची."

"नाशिकची? महिनाभर इथली पोळी खातेय, रात्री तुझ्या खाटेवर मी झोपतेय आणि तू खाली, आणि मी नाशिकची? आई, तू असं सांगितलंस?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, घरात कोण राहतं असं विचारलं तिने. दिलेली मुलगी कशी सांगायची घरात राहते म्हणून? लोकांना वाटेल, परत आली."

"मग नाशिकला सासूबाईंना विचारलं तर त्या काय सांगतील?"

"त्या सांगतील, माहेरी," कुंदा म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

"म्हणजे हे," नीलाने पोटावर हात ठेवला, "नाशिकलाही नाही, बोरिवलीलाही नाही. इगतपुरीला गाडी थांबते तिथे होणार असेल."

कुंदा उठली आणि तिने नीलाला मिठी मारली. म्हणजे जितकी मारता येत होती तितकी. बोरिवलीच्या सुना बाळंतपणाला बाहेर जातात, त्या मोजल्या गेल्या. बोरिवलीच्या लेकी बाळंतपणाला घरी येतात, त्यांना आईसुद्धा घरातलं माणूस म्हणून सांगत नाही. परदेशातल्या पुस्तकांतून शिकलेला प्रश्न 'या घरातली बाई' असं म्हणतो. आपल्याकडे बाईला दोन घरं असतात, आणि प्रश्न दोन्ही घरांच्या मधल्या फटीत पडला होता.

"बाई मोजायचीच नाही," कुंदा म्हणाली. "घर मोजायचं. या घरात मूल जन्मलं का? कुणाचं का असेना!"

आता घरं तीच ठेवायची, प्रश्न बदलायचा, म्हणजे फरक प्रश्नामुळे पडला हे दिसेल. संक्रांतीनंतर पुन्हा जायचं ठरलं. हे कळल्यावर सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. आई म्हणाली, "एवढी वणवण कशाला? संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, सगळ्या येतात, तिथेच विचार."

"सगळ्या?"

आईने 'सगळ्या' हा शब्द गिळला.

"आई, हळदीकुंकवाला विधवा येत नाहीत, गोराईच्या ख्रिस्ती बायका येत नाहीत, आणि बाळंतीण तर येतच नाही. मला जी हवी तीच नेमकी घरी राहणार. तिळगूळ वाटायला ती जागा छान आहे."

मधुकरने शोध लावला, की विचारायचंच कशाला, नुसतं पाहायचं. ज्या घराच्या दोरीवर लंगोट वाळतात त्या घरी बाळ आहे. कुंदाला ही कल्पना आवडली. माणूस बोलताना चुकतो, दोरी चुकत नाही. तिने मधुकरला एक आळी पाहायला पाठवलं. त्याने एका घरावर तिळी मुलं असल्याचं आनंदाने सांगितलं. चौकशी केली तेव्हा तिथे आखाड्यात जाणारा एक पंचवीस वर्षांचा ब्रह्मचारी राहत होता. दोरीची पद्धत तिथेच सोडली.

एक गोष्ट मात्र अवघड गेली. गोराईत विचारायला एथेल निघाली होती. वाटा तिच्या पायाखालच्या, बायका तिच्या ओळखीच्या.

"तू नाही विचारायचंस," कुंदा म्हणाली.

"का? माज्यावर इस्वास नाय?"

"आहे. पण त्या बायकांची मुलं तू हातात घेतलीस. तू दारात उभी राहिलीस तर त्या तुला खूश करायला एकाची दोन सांगतील. शिवाय इमारत तुला हवी आहे."

"तुला नको?"

"हवी आहे. म्हणून मीही जात नाही. क्षमा जाईल."

एथेल निघून गेली. दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी क्षमा आणि मैत्रिणी धक्क्यावर गेल्या तेव्हा होडी ठरवून एथेल उभी होती. पल्याड त्यांना चर्चपर्यंत पोचवलं, आणि स्वतः पायऱ्यांवर पाठ फिरवून बसली. "जावा. मी बघत नाय," म्हणाली.

त्या धामधुमीत संक्रांतीचे तिळाचे लाडू संपायच्या आत नीला बाळंत झाली. अडलीबिडली नाही. एथेलनेच सोडवली, आणि मुलगा झाला. क्षमा दुसऱ्यांदा कर्णिकांच्या घरी आली तेव्हा आई उत्साहाने सांगायला लागली. कुंदा मध्ये पडली. "संक्रांत ते संक्रांत मोजतोय. हा नंतरचा. धरायचा नाही."

"चार दिवसांसाठी माझ्या मुलाला गाळलंस?" आतून नीला ओरडली.

"पुढच्या वर्षात धरीन."

"पुढच्या वर्षी तो रांगेल गं!"

माघातली बैठक मार्तंडरावांच्याच ओसरीवर भरली. एरवी आळीत कुंदाला ते 'काय गं कुंदे' म्हणत. बैठकीत 'कुंदाबाई, तुम्ही'. तिने उभं राहून सांगितलं: त्याच दोनशे घरांत गेल्या वर्षात चौतीस मुलं जन्मली. दहात एक घर घेतलंय, तेव्हा सगळ्या वस्तीत सव्वातीनशे-साडेतीनशे. म्हणजे या गावात जवळजवळ रोज एक.

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. हा माणूस आता खालून वर जाणार, हे सगळ्यांना कळलं.

"आधी अकरा, आता चौतीस. दिवाळीपासून माघापर्यंत एवढी प्रगती?"

"आधी सुना विचारल्या, आता घरं विचारली. पहिला प्रश्न माझा चुकला होता. दोन्ही आकडे तुमच्यापुढे ठेवलेत."

"वर्ष कुठलं धरलंत? दिवाळी ते दिवाळी? वैशाख अधिक होता, बाई. तेरा महिन्यांचं वर्ष होतं ते. एक महिना फुकटात घातलात."

"पहिल्या वेळी घातला होता. म्हणून या वेळी संक्रांत ते संक्रांत. सगळे सण मागेपुढे होतात, संक्रांत हलत नाही. गोराईत नाताळ ते नाताळ विचारलं. तोही हलत नाही."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर नको असताना समाधान उमटलं. आणि त्यामागोमाग बेरीज जुळल्याची ती जुनी नाराजी.

"गोराईचं एथेलबाईंनीच भरून दिलं असेल."

"एकही घर नाही. त्या दिवशी त्या चर्चच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. विचारा."

एथेल भिंतीशी बसली होती. ती कुंदाकडे बघत होती.

"बरं. पण या माहेरवाशिणी!" मार्तंडराव सरसावले. "या मुली नाशिकच्या, पेणच्या, सातारच्या. पाहुण्या. पाहुण्या मोजून आकडा फुगवायचा?"

"काका," कुंदा म्हणाली, आणि बैठकीत पहिल्यांदाच काका म्हणाली, "मूल अडतं तेव्हा टांगा बोरिवलीचा शोधावा लागतो, नाशिकचा नाही. बाई कुणाची सून आहे हे इमारत विचारत नाही. आणि आपल्या सुना बाहेरगावी जातात, त्या मी यात एकसुद्धा धरलेली नाही. त्या त्या गावाने मोजाव्यात."

"ही चौतीस घरं कुठली? नावं द्या. मी तपासतो."

"नावं देणार नाही. विचारताना शब्द दिलाय."

"मग खरं कशावरून मानायचं?"

"तुम्ही हिशेबतपासनीस आहात. माझी घरं सोडा. तुम्हाला वाटतील ती वीस घरं तुम्ही घ्या, हाच प्रश्न विचारा, आणि बेरीज तुम्ही करा. माझ्या हिशेबाने तीन-चार मुलं निघायला हवीत. एखादं कमीजास्त होईल. पण एकही निघालं नाही, तर कार्यालय बांधा, मी स्वतः अक्षता वाटायला येईन."

आपल्या मेहनतीचा सगळा डाव दुसऱ्याच्या हातात देऊन ही मुलगी खुशाल पदराने वारा घेत उभी होती.

मार्तंडराव आत वळून म्हणाले, "अहो ऐकलंत का? सुरुवात घरापासून करू. गेल्या संक्रांतीपासून आपल्या घरात मूल जन्मलं का? नाही ना?"

आतून काकूंचा आवाज आला. "नाही कसं? श्रावणात आपल्या उषाचं झालं ना! मागच्या खोलीत. तुम्हीच नाही का रात्रभर अंगणात येरझाऱ्या घातल्यात, आणि एथेल येईपर्यंत देवाला नवस बोललात?"

"ती... ती पुण्याची," मार्तंडराव म्हणाले.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसवेना. ती रात्र त्यांना आठवत होती हे दिसत होतं. त्यांनी एथेलकडे पाहिलं, मग खाली.

तरीही त्यांनी वीस घरं तपासली. तपासल्याशिवाय मानतील ते मार्तंडराव कसले! आठवडाभर संध्याकाळी काठी घेऊन दारोदार फिरले, बंद घरी दोनदा गेले, कुठेही चहा घेतला नाही. चार मुलं निघाली. पुढच्या बैठकीत प्रसूतिगृहाच्या ठरावावर पहिली सही त्यांनीच केली, आणि सही करून पेन खाली ठेवायच्या आत विचारलं, "खाटा किती?"

मधुकरने उत्साहाने हिशेब मांडला: दिवसाला एक मूल, बाई राहणार आठवडाभर, सरासरी सात खाटा.

"सरासरीने खाटा मांडल्यास तर निम्मे दिवस कुणीतरी जमिनीवर झोपेल," कुंदा म्हणाली. "लग्नं उन्हाळ्यात उरकतात आपल्याकडे. मुलं सगळी एकदम येतात. कुठल्या महिन्यात किती, ते पुन्हा विचारावं लागेल."

"पुन्हा दोनशे घरं?" मार्तंडरावांनी विचारलं. मग हळूच, बैठकीतला 'तुम्ही' विसरून, म्हणाले, "गोराईच्या बाजूला मला पाठवशील का गं? तिथली घरं माझी राहिली."

"तुम्हाला इमारत हवी आहे आता, काका," कुंदा म्हणाली. "तुम्ही नाही जायचं."

एथेल इतक्या जोरात हसली, की आतून काकू काय झालं म्हणून बघायला बाहेर आल्या.